पण तिला विचारलं कुणी?

सिस्टर, नमस्कार.

मी गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ४३. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांचा मोटारसायकलवर अपघात झाला. रात्रीच्या वेळी उसाच्या ट्रॉलीला मागून धडकले. डोक्याला मार होता. परभणीहून पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले ब्रेन डेड आहे, आणि तिथंच एका माणसाने अवयवदानाचं विचारलं. आमच्याकडचे चार-पाच पुरुष माणसं बाहेर उभे होते. त्यांनी आपसांत बोलून नाही म्हणून सांगितलं. मीही तिथंच होते, पण काही बोलले नाही. जाऊबाई तर शुद्धीवरच नव्हती. आता गावातली एक बाई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला परभणीला जाते. एसटीत भेटली की मला तिच्याकडं बघवत नाही.

माझा मुलगा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. त्याने आधार नंबरवरून ऑनलाइन नोंदणी करून डोनर कार्ड काढलं. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, परदेशात कायदा आहे, नको म्हणून लिहून दिलं नसेल तर होकार धरतात, आपल्याकडंही तसंच पाहिजे. सासरे भडकले. "रस्त्यात जमीन नेली, आता मढं पण न्या म्हणावं!" तेव्हापासून आजा-नातू बोलत नाहीत. मालक म्हणतात, तू मध्ये पडू नको.

मला एवढंच विचारायचं आहे. तसा कायदा असता तर आमच्यावर ठरवायची वेळच आली नसती. मग तो असलेला बरा नाही का? आणि त्या दिवशी आमचं चुकलं का?

—

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी एका वाक्याशी अडखळले. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात, मला मात्र तिथून हलता येईना. त्या वाक्याकडे शेवटी येते. आधी तुमचे दोन प्रश्न, आणि त्यातलाही दुसरा आधी, कारण खरा तोच आहे.

तुमचं चुकलं नाही. बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. बत्तीस वर्षं सिस्टर म्हणून काढली, त्यातली बरीचशी आयसीयूत. आयसीयूच्या दाराबाहेरची ती जागा मला पाठ आहे. चपलांचा ढीग, भिंतीला टेकवलेल्या वळकट्या, पिशवीतून डोकावणारे एक्सरे, आणि दर थोड्या वेळाने आतून येणारी हाक: "अमुक पेशंटचे नातेवाईक कोण?" तिथे चार रात्री जागलेल्या माणसाला 'ब्रेन डेड' आणि 'अवयवदान' हे दोन शब्द एका दमात ऐकवले, की दुसरा शब्द त्याला पहिल्याचा खुलासा वाटतो. यांना अवयव पाहिजेत, म्हणून हे मेला म्हणतायत. तुमच्या माणसांचं 'नाही' बहुतेक त्या मृत्यूलाच होतं. अवयवांपर्यंत त्यांचं मन पोचलंही नसेल.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. दवाखान्याचं नाव नको. बाविसेक वर्षांचं पोरगं होतं, तेही मोटारसायकलवरचंच, हेल्मेट नाही. तपासण्या झाल्या होत्या, डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं. त्याच्या आईने माझं मनगट धरून मला पलंगापाशी नेलं आणि खाली लटकलेली लघवीची पिशवी दाखवली. "मेला म्हणता ना सिस्टर, मग ही कशी भरलाली?" माझ्याकडे उत्तर होतं, पण पुस्तकातलं. मी दोन-चार इंग्रजी शब्द टाकून काहीबाही बोलले. ती म्हणाली, "बरं." त्या 'बरं'ला मी होकार समजले आणि अवयवदानाच्या कोऑर्डिनेटरला आवाज दिला. तो फॉर्म घेऊन आला तेव्हा त्या माउलीने जो हंबरडा फोडला, तो ऐकून खालच्या मजल्यावरून तिचे भाऊ पळत वर आले. पुढचं सांगत नाही. तिचं 'बरं' म्हणजे मला काही कळलं नाही, एवढंच होतं.

आज ती माउली भेटली तर मी असं सांगेन. हृदयाला स्वतःची बॅटरी असते, ठोका कधी द्यायचा हे ते मेंदूला विचारत नाही. श्वासाचं तसं नाही. श्वासाचा हुकूम मेंदूच्या देठातून येतो. देठ मेला की श्वास थांबतो, आणि श्वास थांबला की काही मिनिटांत हृदयही थांबतं. मध्ये मशीन आडवं येतं. ते हवा ढकलतं, म्हणून हृदय चालतं, म्हणून रक्त किडनीत जातं, म्हणून पिशवी भरते. लाइट गेल्यावरही टाकीतलं पाणी नळाला येतच राहतं की. तेवढ्यावरून लाइट आहे असं आपण म्हणत नाही. टाकी रिकामी होईपर्यंतचा तो वेळ असतो.

आणि हे ठरवतात कसं, तेही तुम्हाला त्या दिवशी कुणी सांगितलं नसणार. डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकून बघतात. बुबुळाला कापसाचं टोक लावतात. कानात थंडगार पाणी सोडतात. घशातली नळी हलवून ठसका येतो का बघतात. शेवटी मशीन काढतात, नळीतून नुसता ऑक्सिजन ठेवतात आणि उघड्या छातीकडे आठ-दहा मिनिटं बघत उभे राहतात. त्या वेळात आयसीयूत कुणी खोकतसुद्धा नाही. मी कितीदा तरी पाहिलं असेल, दर वेळी वाटायचं, आता हलेल. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे हे चार डॉक्टर मिळून ठरवतात, आणि कमीत कमी सहा तासांनी सगळ्या तपासण्या पहिल्यापासून पुन्हा. अवयव बसवणाऱ्या टीममधला डॉक्टर त्या चौघांत चालत नाही. कोमा ही गोष्टच निराळी. कोमातला माणूस उठू शकतो. इथून कुणी परत येत नाही.

एसटीतल्या त्या बाईचंही सांगून टाकते, कारण ते ओझं तुम्ही उगाच वाहताय. तुमच्या दिरांच्या किडन्या दिल्या असत्या तरी त्या तिला मिळाल्या असत्या असं अजिबात नाही. मराठवाड्यासाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती संभाजीनगरला आहे, राज्यात अशा चार: मुंबई, पुणे, नागपूर आणि ही. नाव प्रतीक्षा यादीत असावं लागतं, रक्तगट जुळावा लागतो, किती दिवस वाट पाहिली ते मोजतात. देणाऱ्याने 'आमच्या गावातल्या बाईला द्या' म्हटलेलं चालत नाही. तिच्यासाठी काही करायचंच असेल तर पुढच्या वेळी शेजारी बसा आणि विचारा, तुमचं नाव यादीत लावलंय का. डायलिसिसवरच्या कितीतरी माणसांना अशी यादी असते हेच माहीत नसतं. ते नाव किडनी प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयातूनच लागतं. फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण बसतं, हेही सांगा. अंगणवाडीच्या बाईला कागद कसे गोळा करायचे हे मी काय शिकवणार.

आता कायदा. तसा कायदा असता तर ठरवायची वेळ आली नसती, असं तुम्ही लिहिलंय. आली असती. हुबेहूब तशीच.

स्पेनचं उदाहरण तुमचा मुलगा देत असेल, सगळेच देतात. तिथे १९७९ पासून गृहीत संमतीचा कायदा आहे, आणि मृत्यूनंतरच्या अवयवदानात तो देश जगात पहिल्या रांगेत आहे. दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला चाळीसच्या वर दाते. आपल्या देशात २०२३ साली सगळे मिळून साधारण अकराशे, म्हणजे दहा लाखांमागे एकही नाही. पण गंमत पुढे आहे. स्पेनमध्ये कायदा काही म्हणो, घरच्यांना विचारल्याशिवाय कुणी हात लावत नाही. आणि कायदा झाल्यावर दहा वर्षं तिथे फारसं काही घडलंही नव्हतं. १९८९ साली त्यांनी राष्ट्रीय संस्था उभी केली आणि रुग्णालयांत याच कामाचे समन्वयक नेमले, बहुतेक आयसीयूतलेच डॉक्टर, घरच्यांशी कसं बोलायचं याचं शिक्षण घेतलेले. आकडे चढले ते त्यानंतर. ती व्यवस्था उभी करणारे डॉ. राफाएल मातेसान्स स्वतःच सांगत आले, की हे कायद्याचं यश नाही.

वेल्समध्ये २०१५ च्या डिसेंबरात असा कायदा आला, इंग्लंडमध्ये २०२० च्या मे महिन्यात. तिथेही घरच्यांशी बोलतातच, आणि घरचे अडून बसले तर डॉक्टर पुढे जात नाहीत. इंग्लंडमध्ये तर पुढच्या काही वर्षांत घरच्यांच्या होकाराचं प्रमाण वाढायचं सोडून खाली आलं. मधे कोविडही होता, म्हणून सगळं खापर कायद्यावर फोडणार नाही. पण मला त्यात नवल वाटत नाही. माणूस 'मला द्यायचेत' म्हणून गेला असेल तर घरच्यांच्या हातात धरायला काहीतरी असतं. 'त्याने नको म्हटलं नव्हतं' याला काय धरणार?

ब्राझीलचं तर विचारूच नका. १९९७ मध्ये कायदा केला, ओळखपत्रावर 'दाता नाही' असा शिक्का मारून घेतला नाही तर तुम्ही दाते. लोक शिक्का मारून घ्यायला धावले. डॉक्टरांवरचा होता नव्हता तो विश्वासही गेला. अंमल सुरू झाल्यापासून वर्षभरात, १९९८ सालीच, सरकारने ते कलम मागे घेतलं. स्वित्झर्लंडने जरा शहाणपणा केला. २०२२ साली आधी लोकांचं मतदान घेतलं, की असं गृहीत धरू का. साठ टक्के लोक हो म्हणाले. गृहीत धरायचं की नाही हेसुद्धा विचारून!

मुलाचं म्हणणं अगदीच पोकळ आहे असं मात्र समजू नका. ऑस्ट्रिया आणि जर्मनी शेजारी, भाषा एक. ऑस्ट्रियात न बोललेल्याचा होकार धरतात, तर कागदावर जवळजवळ सगळा देश दाता. जर्मनीत विचारून नोंद करतात, तर २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात हे प्रमाण बारा टक्के होतं. माणसं फॉर्म भरायचा कंटाळा करतात, जे आधीपासून लिहिलेलं असेल ते तसंच राहू देतात. वीस वर्षांच्या पोराला यात सोपा उपाय दिसला तर त्यात वावगं काही नाही, उलट या वयात त्याला कुणाच्या तरी मरणाची वाट बघणाऱ्यांची काळजी वाटते, हे मला आवडलं. पण कागदावरचा होकार वेगळा आणि ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचलेली किडनी वेगळी. मध्ये व्हेंटिलेटर लागतो, मेंदूमृत्यू तपासणारे डॉक्टर लागतात, पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाची सोय लागते, आणि रस्ता लागतो. हृदय काढल्यापासून चार ते सहा तासांत दुसऱ्याच्या छातीत बसावं लागतं. गंगाखेडहून संभाजीनगरला पोचेपर्यंत त्यातला किती वेळ जातो ते त्याला विचारा, सुट्टीला तोच येतो-जातो. उद्या दिल्लीने कायदा केला म्हणून आपल्या जिल्ह्यात एक न्यूरोलॉजिस्ट वाढणार नाही.

आणि सासऱ्यांचा राग. मढं पण न्या म्हणावं! हे वाक्य वाचून मला आधी हसू आलं, मग नाही आलं. ते अवयवांबद्दल बोलतच नाहीयेत. ज्यांनी नोटीस आली तेव्हाच आपली जमीन गेली हे ओळखलं, त्यांना 'हरकत नोंदवायची मुदत' या शब्दांचा अर्थ तुमच्या मुलापेक्षा जास्त कळतो. मुदत संपते तेव्हा आपण तहसीलला पोचलेलोच नसतो. गृहीत संमती म्हणजे दुसरं काय आहे? नको असेल त्याने यावं आणि तसं नोंदवावं. ज्याला नेट आहे, वाचता येतं, ओटीपी येतो, तो नोंदवील. बाकीच्यांचा होकार.

शेजारच्या बीड जिल्ह्याचं तुम्हाला सांगायला नको. ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय २०१९ साली विधिमंडळात गाजला, समिती बसली. आरोग्य विभागाच्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. ऑपरेशनच्या आधी कागदावर सही किंवा अंगठा घेतलेला असतोच. कितीतरी जणींना 'कॅन्सर होईल' एवढंच सांगितलं होतं, असं त्यांनीच नंतर बोलून दाखवलं. जिथे बोलून घेतलेली संमती अशी असते, तिथे न बोलता धरलेली संमती कशी असेल? माझं मत म्हणून विचाराल तर आज, आपल्या भागात, मला हा कायदा नको. पुढच्या पन्नास वर्षांचं मी बोलत नाही.

आपल्या कायद्यातही एक कोपरा असा आहेच, फार कुणी बोलत नाही. रुग्णालयात किंवा तुरुंगात वारलेल्या माणसाचा देह ४८ तासांत कुणी न्यायला आलं नाही, तर तिथला प्रमुख अवयव काढायला परवानगी देऊ शकतो. म्हणजे ज्याचं कुणी नाही, त्याचं आपण आधीच धरून टाकलंय. पहिला नंबर कुणाचा लागतो ते बघा.

अवयवदानाच्या कार्यक्रमांत दधीचि ऋषींची गोष्ट सांगितल्याशिवाय पाहुण्यांचं भाषण संपत नाही. त्या गोष्टीने कुणाचं मन वळलेलं मी तरी पाहिलं नाही, पण एक सांगते: देवांना हाडं पाहिजे होती, वज्र करायचं होतं, वृत्रासुर दारात उभा. एवढी घाई असूनही ते आधी दधीचीकडे गेले आणि मागितली. सासऱ्यांना हे पटेल बघा.

मुलाला एवढं सांगा की तो ज्या कायद्याची मागणी करतोय त्याच्यापेक्षा बरी गोष्ट आपल्या कायद्यात आधीच लिहिलेली आहे. २०११ च्या दुरुस्तीनंतर आयसीयूतल्या डॉक्टरने मेंदूमृत माणसाच्या घरच्यांना अवयवदानाची माहिती देऊन विचारणं बंधनकारक आहे. विचारणं, धरणं नव्हे. होकार दिल्यानंतरचा खर्च घरच्यांच्या माथी मारता येत नाही, हेही नियमात आहे. हे आपल्याकडच्या किती दवाखान्यांत होतं, त्याची त्याने माहितीच्या अधिकारात विचारणा करावी. इंजिनिअरिंगच्या पोराला हे जमायला पाहिजे. आणि त्याच्या डोनर कार्डाचं: ते काढलं म्हणून काम झालं असं त्याला वाटत असेल तर तो भ्रम आहे. आयसीयूत कुणी त्याचं पाकीट उघडून बघणार नाही. तिथे तुम्हाला आणि त्याच्या वडलांना विचारणार. म्हणून त्याने कायद्यावर भाषण न करता तुम्हा दोघांसमोर बसून एकदा सरळ सांगावं, मला असं झालं तर माझं हे-हे द्या. ऐकवणार नाही तुम्हाला, मला माहीत आहे. मालक उठून बाहेर जातील. जाऊ द्या. पोराचं म्हणणं त्यांच्या कानावर पडलेलं असेल.

सासऱ्यांशी वाद तर मुळातच बिनबुडाचा आहे. अंथरुणावर, घरात गेलेल्या माणसाची किडनी आपल्याकडे कुणी मागत नाही, त्यासाठी आयसीयू आणि मशीनच लागतं. घरी गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचे डोळे मात्र देता येतात, सहा तासांच्या आत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी चालतं, चष्मा असला तरी चालतं. पथक येईपर्यंत पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी, पंखा बंद. पंधरा-वीस मिनिटांचं काम, चेहरा जसाच्या तसा. हे त्यांना नातवाने सांगू नये. सध्या त्याच्या तोंडून आलेलं काहीही त्यांना जमिनीच्या नोटिशीसारखं लागेल. तुम्ही सांगा, आणि नुसतं सांगू नका, त्यांचं काय म्हणणं आहे ते विचारा. नाही म्हणाले तर तेही एका वहीत तारीख घालून लिहून ठेवा. परदेशात 'नाही' नोंदवायची तरी सोय असते. आपल्याकडच्या रजिस्टरात फक्त 'हो' लिहितात. माझ्या मते म्हाताऱ्या माणसाच्या 'नाही'ला घरात तरी एक पान असावं.

आता ते वाक्य. 'जाऊबाई तर शुद्धीवरच नव्हती.'

अपघातानंतरचा चौथा दिवस म्हणता ना? चार दिवस बेशुद्ध असलेल्या बाईला कुणी व्हरांड्यात ठेवत नाही, सलाइन लावून आत घेतात. मला वाटतं ती भिंतीशी बसली होती, डोक्यावरून पदर ओढून. कदाचित कुणीतरी तिला चहाचा कप देऊन बघितला असेल. ती शुद्धीवर नव्हती म्हणजे तिच्याशी बोलावं असं कुणाच्या मनात आलं नाही. कायद्यात जवळच्या नातेवाइकांची यादी आहे. त्यात पहिलं नाव नवरा-बायकोचं, मग मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण, आजी-आजोबा, नातवंडं. चुलते, मेहुणे, भाऊबंद त्यात नाहीत. तुमच्या मालकांना भाऊ म्हणून आणि सासरे तिथे असतील तर त्यांना वडील म्हणून बोलायचा हक्क होता, बाकीच्या पुरुषांना नव्हता. तिला होता.

सगळीकडे वाद चाललाय तो न विचारता होकार धरायचा का, याचा. त्या दिवशी तिचा नकार न विचारता धरला गेला. मुलगी बघायच्या कार्यक्रमात पोरगी खाली मान घालून बसते आणि माणसं म्हणतात, तिला पसंत आहे. घरात कुणाची किडनी गेली की सगळ्यांची नजर आधी आई नाहीतर बायकोकडे वळते. जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत आपल्या देशात बायकाच जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. किती जणींना तपासणीच्या आधी एकटीला बसवून विचारलं जातं? मी वॉर्डात एकीला विचारलं होतं, तुमची इच्छा आहे ना. ती म्हणाली, "आता रक्त जुळलंय सिस्टर." हेच तिचं उत्तर.

जाऊबाई काय म्हणाली असती, हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. ती 'नाही'च म्हणाली असती, असंही असेल. आता तिला ते विचारू नका. दोन वर्षांनी त्या व्हरांड्यात तिला परत नेऊन बसवण्यात काही अर्थ नाही, आणि तुमचा जीव हलका व्हावा म्हणून तर मुळीच नाही. फक्त एवढं म्हणा, त्या दिवशी तुला कुणी विचारलं नाही, मीही तिथंच होते आणि मीही बोलले नाही. एवढंच. मग तिला तिचं स्वतःचं विचारा. तुला काय वाटतं, तुझ्या बाबतीत अशी वेळ आली तर काय करायचं आम्ही. आणि तुमचंही तिला सांगा.

घरात नको, घरात सासरे असतात. तूर काढायला दोघी शेतात असाल तेव्हा काढा विषय. हात कामात असले की बोलणं सोपं जातं, एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. ती काहीच बोलली नाही तर पुढची ओळ धरा. महिना-पंधरा दिवस जाऊ द्या आणि पुन्हा विचारा.

तुमची,
सिस्टर